एस-९ की मानवी एन्झाइमवाले जिवाणू? सोलापुरात एमएस्सीचा प्रोजेक्ट ठरवताना

शेंगदाणा चटणीचं गाव म्हटल्यावर प्रोजेक्टला अफ्लाटॉक्सिन घ्यावंसं वाटणारच. विषय चांगलाच आहे, अडतं ते पुढे. शेंगदाण्यावरच्या बुरशीचं हे विष, अफ्लाटॉक्सिन बी१, आहे त्या रूपात डीएनएला चिकटत नाही. यकृतातली सायटोक्रोम पी४५० एन्झाइमं त्याचं इपॉक्साइड, म्हणजे डीएनएला चिकटणारं रूप करतात, तेव्हा ते घात करतं. चाचणीला वापरतात त्या साल्मोनेला जिवाणूकडे ही एन्झाइमं नाहीत. मग आणायची कुठून?

जुनी वाट ब्रूस एम्स यांची, १९७०च्या दशकातली. हिस्टिडिन हे अमिनो आम्ल बनवू न शकणारा साल्मोनेला घ्यायचा, त्यात तपासायचा पदार्थ आणि उंदराच्या यकृताचा अर्क, म्हणजे एस-९ मिसळायचा, ३७ अंशांवर ४८ तास ठेवून, डीएनए बदलल्यानं पुन्हा हिस्टिडिन बनवू लागलेल्या जिवाणूंच्या वसाहती मोजायच्या. पदार्थ म्युटाजेन, म्हणजे डीएनएत बदल घडवणारा, आहे का, याचं उत्तर मिळतं. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४७१ क्रमांकाची चाचणी हीच. हात बसायला मात्र वेळ लागतो. टॉप अगार, म्हणजे जिवाणू मिसळलेला वरचा पातळ थर, ओतताना जरा रेंगाळलात की नळीतच गोठतो. आणि एस-९ला उणे ८० अंश लागतात. आमच्याकडे मे महिन्यात रात्री लाइट गेली, जनरेटर लागलाच नाही, सकाळी सगळ्या व्हायल वितळलेल्या. पुन्हा गोठवून चालत नाही, टाकून दिल्या.

दुसऱ्या वाटेत माणसाचा जनुक थेट जिवाणूत घालतात, उदाहरणार्थ सीवायपी१ए२ (थोडक्यात १ए२) या पी४५० एन्झाइमचा. नुसत्या पी४५०नं भागत नाही. त्याला इलेक्ट्रॉन पुरवणारं रिडक्टेजही सोबत द्यावं लागतं. खरा फायदा असा, की घातक रेणू पेशीच्या आतच तयार होतो. जेमतेम टिकणाऱ्या रेणूला बाहेरून भिंत ओलांडावी लागत नाही. शिवाय उंदराचं १ए२ आणि माणसाचं १ए२ एकसारखं वागत नाही, तो प्रश्नच मिटतो. पण संपूर्ण यकृत काय करतं, ते इथे दिसत नाही.

एक खोच आधीच सांगतो. साल्मोनेलाच्या टीए९८ या वाणात पीकेएम१०१ हा प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं वेगळं वर्तुळ) असतो, म्हणजे अ‍ॅम्पिसिलिन या प्रतिजैविकाला तो मुळातच दाद देत नाही. माणसाचा जनुक नेणाऱ्या तुमच्या प्लाझ्मिडवरही अ‍ॅम्पिसिलिन-रोधाचाच मार्कर (ओळखीची खूण) असेल, तर जनुक शिरलेल्या पेशींची निवड कशी करणार? अशा वेळी पीकेएम१०१ नसलेला टीए१५३८ हा वाण बरा.

सहा महिनेच हातात असतील तर मी एस-९च घेईन. विष घातक करणारं माणसाचं पी४५० ‘३ए४ की १ए२’ हाच प्रश्न असेल, तर मात्र दुसरीच वाट. त्याला संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते, तेव्हा पुढची बैठक कधी आहे ते गाइडना आजच विचारा.