मुलाचा मायनस नंबर वाढतोय: थेंब, खास भिंगं की नुसता चष्मा?

माझ्या मुलाला दुसरीत चष्मा लागला तेव्हा नंबर होता मायनस सव्वा. तिसरी संपेपर्यंत तो मायनस सव्वादोन झाला. नव्या काचा बसवल्या, फळा पुन्हा नीट दिसू लागला आणि आम्हाला वाटलं, झालं काम. "वाढतं वय आहे, नंबर वाढणारच," असंच आम्हाला सांगितलं गेलं होतं. पुढे दुसऱ्या नेत्रतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "नंबर वाढायचा वेग कमी करण्यासाठी काय करताय?" असं काही करता येतं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. ते एक वर्ष हातचं गेलं याची हळहळ मला अजून वाटते. तुम्ही त्याच वळणावर असाल, तर आम्ही तेव्हा ताडून पाहिलेले पर्याय इथे मांडते आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढची तुलना नुसती किमतीची होईल. लघुदृष्टीत, म्हणजे मायनस नंबरात, डोळ्याचा गोळा पुढून मागे लांबत जातो. त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्यावर न पडता अलीकडेच पडते. लांबी एक मिलीमीटरने वाढली की नंबर साधारण अडीच ते तीनने वाढतो. चष्मा प्रतिमेला पडद्यावर आणून सोडतो, गोळ्याच्या वाढीला हात लावत नाही. मोठेपणी लेसर करून चष्मा सुटतो, पण लांबलेला डोळा लांबच राहतो. मायनस सहाच्या पुढे गेलेल्या डोळ्यांना पुढच्या आयुष्यात पडदा सुटणं, काचबिंदू, पडद्याच्या मध्यभागाची झीज हे धोके जास्त असतात. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार नंबर एकने जरी कमी राखला, तरी त्या झिजेचा धोका सुमारे 40 टक्क्यांनी घटतो. एकेका नंबरासाठी झगडायचं ते यासाठी. आणि जितक्या लहान वयात चष्मा लागतो, तितकी वाढायला वर्षं जास्त मिळतात. सातव्या वर्षीचा मायनस एक आणि चौदाव्या वर्षीचा मायनस एक यांना एकाच मापाने मोजू नका.

नुसता साधा चष्मा स्वस्त असतो, कुठेही मिळतो आणि तो लागतोच. नंबर वाढायला नको म्हणून मुद्दाम थोडा कमी नंबर द्यायचा, किंवा चष्मा फक्त शाळेपुरता घालू द्यायचा, हा सल्ला घरोघरी ऐकू येतो. यातलं कमी नंबर देणं मलेशियात पडताळून पाहिलं गेलं. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कमी नंबर दिलेल्या मुलांचा नंबर उलट जास्त वेगाने वाढला. तेव्हा नंबर पूर्णच द्यावा. दुकानात 'निळा प्रकाश अडवणाऱ्या' काचा सुचवतात, त्यांनी लघुदृष्टीची वाढ थांबते याला पुरावा नाही. ते पैसे वाचवा.

आमच्यासाठी खरा प्रश्न थेंब की खास भिंगं हाच होता.

अ‍ॅट्रोपिनचे सौम्य थेंब रोज रात्री झोपताना दोन्ही डोळ्यांत एकेक घालायचे. बाहुली पूर्ण मोठी करण्यासाठी वापरतात तेच हे औषध, पण कितीतरी पातळ केलेलं. किती पातळ, यावर सगळं अवलंबून आहे. हाँगकाँगमध्ये 0.05, 0.025 आणि 0.01 टक्के अशा तीन मात्रा नुसत्या पाण्यासारख्या थेंबांशी ताडून पाहिल्या गेल्या. पहिल्या वर्षात नंबराची वाढ अनुक्रमे 67, 43 आणि 27 टक्क्यांनी कमी झाली. दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय मुलांवरच्या चाचणीत 0.01 टक्क्यानेही वर्षभरात नंबराची वाढ जवळपास निम्म्यावर आली, डोळ्याच्या लांबीत मात्र ठळक फरक दिसला नाही. अमेरिकेत 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर 0.01 टक्क्याचा काहीच उपयोग आढळला नाही. त्यामुळे 'थेंब चालू आहेत' एवढ्यावर समाधान मानू नका. मात्रा कोणती आणि गरज पडली तर ती वाढवणार का, हे डॉक्टरांना विचारा. मात्रा वाढते तशी उन्हात डोळे दिपण्याची आणि जवळचं अस्पष्ट दिसण्याची तक्रारही वाढते. थेंब एकदम बंद केले तर नंबर उसळी घेऊ शकतो, म्हणून ते कधी आणि कसे थांबवायचे हेही डॉक्टरांनाच ठरवू द्या.

खास भिंगांचा चष्मा लांबून साध्या चष्म्यासारखाच दिसतो. मध्ये नंबराची स्वच्छ जागा आणि तिच्याभोवती शेकडो बारीक भिंगांची जाळी असते. मधून मूल नेहमीसारखं बघतं, भोवतीची जाळी काही प्रकाश पडद्याच्या अलीकडे एकवटवते आणि त्यातून डोळ्याला 'आता लांबू नकोस' असा इशारा मिळतो. हाँगकाँगमधल्या दोन वर्षांच्या चाचणीत अशा भिंगांनी नंबराची वाढ 52 टक्क्यांनी आणि लांबीची वाढ 62 टक्क्यांनी कमी केली. दुसऱ्या एका प्रकारच्या भिंगांनी चीनमध्ये दोन वर्षांत वाढ निम्म्याहून कमी केली, आणि दिवसाला 12 तास चष्मा घालणाऱ्या मुलांत फायदा आणखी दिसला. हे 12 तास लक्षात ठेवा. शाळेतून आल्यावर चष्मा काढून ठेवणाऱ्या मुलाला ही महागडी काच फारशी लाभत नाही. फ्रेम नाकावरून घसरली तरी मूल भिंगाच्या भलत्याच भागातून बघतं, म्हणून फ्रेम चेहऱ्याला नीट बसणारी हवी.

शेजारी ठेवून पाहिलं तर औषध, दुष्परिणाम, रोजची आठवण यांपैकी काहीच भिंगांना लागत नाही. पण एक जोडी साध्या चष्म्याच्या कित्येक पट महाग असते आणि नंबर बदलला की ती पुन्हा घ्यावी लागते. मैदानात फुटली तर खर्च वेगळाच. थेंबांचा खर्च दर महिन्याला थोडा असतो, पण रात्रीची जबाबदारी आई-बाबांची आणि तपासणीसाठी फेऱ्या ठरलेल्या. मूल दिवसभर चष्मा घालत असेल आणि खर्च झेपत असेल, तर मी भिंगांकडे झुकेन. घालत नसेल, रोज चष्मा मोडत असेल किंवा अगदी लहान असेल, तर थेंब. नंबर भराभर वाढत असेल तर डॉक्टर दोन्ही एकत्रही देतात.

कॉन्टॅक्ट लेन्सचे दोन प्रकार आहेत. दिवसा घालून रात्री टाकून द्यायच्या एका खास प्रकारच्या मऊ लेन्सना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2019 मध्ये 8 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी मान्यता दिली. तीन वर्षांच्या चाचणीत त्यांनी नंबराची वाढ 59 टक्क्यांनी कमी केली होती. दुसऱ्या कडक असतात. रात्री घालून झोपायचं, त्या बुबुळाचा पुढचा भाग हलकेच सपाट करतात आणि दिवसभर चष्म्याशिवाय दिसतं. पोहणाऱ्या, खेळणाऱ्या मुलांना हे फार सोयीचं. पण लेन्स नळाच्या पाण्याने धुतली किंवा हात नीट न धुता घातली, तर बुबुळाला गंभीर संसर्ग होऊ शकतो. घरात रोज कोणीतरी उभं राहून हे करून घेणार नसेल, तर मी तरी हा पर्याय निवडणार नाही.

उन्हात खेळणं हा पर्याय फुकट आहे, आणि ज्या भावंडाला अजून चष्मा लागलेला नाही त्याच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. चीनमधल्या ग्वांगझूच्या काही शाळांत रोज 40 मिनिटं जादा बाहेर खेळवलं, तर तीन वर्षांत चष्मा लागणाऱ्या मुलांचं प्रमाण तिथे 30.4 टक्के राहिलं, इतर शाळांत ते 39.5 टक्के होतं. तैवानने 2010 पासून शाळांत रोज दोन तास बाहेर घालवण्याचा कार्यक्रमच राबवला. चष्मा लागल्यावर मात्र या उपायाचा जोर कमी पडतो, त्यामुळे त्याला थेंबांचा किंवा भिंगांचा पर्याय समजू नका. शिकवणीवरून येऊन थेट मोबाइल हातात घेणाऱ्या आपल्या मुलांसाठी संध्याकाळचा तो तास राखणं किती कठीण आहे, हे मला चांगलं माहीत आहे. तरीही तो राखाच.

यांतलं काहीही निवडण्याआधी दोन तपासण्या करून घ्या. एक, बाहुली मोठी करणारे थेंब टाकून नंबर काढणं, कारण मुलं नजर ताणून खोटा मायनस दाखवू शकतात. दुसरी, यंत्रावर डोळ्याची लांबी मोजणं. ती दुखत नाही, काही मिनिटांत होते, आणि उपाय चालतोय की नाही हे पुढे तीच सांगते. आम्ही त्या वेळी 0.05 टक्क्याचे थेंब आणि पूर्ण नंबराचा साधा चष्मा निवडला. दर सहा महिन्यांनी त्याच यंत्रावर लांबी मोजतो, आणि वाढ मंदावली नाही तर पुढचा खर्च भिंगांवर करायचा हे आधीच ठरवून ठेवलं आहे.