घर घेताना हवा कशावर पारखावी : रोजचा निर्देशांक की वार्षिक मानक?

ठाणे किंवा नवी मुंबईत घर बदलणारी बरीच कुटुंबे मे-जूनमध्ये, शाळा सुरू होण्याच्या सुमारास, नाहीतर भर पावसाळ्यात घरे पाहत असतात. हल्ली पाणी आणि स्टेशनचे अंतर यांच्या जोडीने हवेची चौकशीही होते. ती दोन मापांनी करता येते : मोबाइलवर दिसणारा रोजचा हवा गुणवत्ता निर्देशांक, किंवा त्या परिसराची वर्षभराची हवा राष्ट्रीय मानकात बसते की नाही याचा हिशेब. आईला दम्याचा त्रास असल्यामुळे आम्हाला घर निवडताना यांपैकी एकावर भिस्त ठेवावी लागली.

रोजच्या निर्देशांकाचा उपयोग मला पूर्ण मान्य आहे. प्रत्येक प्रदूषकाचा उपनिर्देशांक काढून त्यांतील सर्वांत वाईट, म्हणजे सर्वांत मोठा आकडा हाच त्या मोजणी केंद्राचा निर्देशांक मानला जातो, त्यामुळे एखादा घटक मर्यादेबाहेर गेला तर तो बाकीच्यांच्या आड दडत नाही. आईने सकाळी फिरायला जावे की नाही, हे आजही आम्ही त्यावरूनच ठरवतो. मात्र ॲप भारतीय श्रेणी वापरते की अमेरिकी, हे आधी पाहून घ्यावे; कारण पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम असेल तर भारतीय निर्देशांक १०० म्हणजे ‘समाधानकारक’ सांगतो आणि अमेरिकी आकडा १५० च्या पुढे जातो.

मला खटकला तो पावसाळा. ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यालगतची एक सदनिका आम्ही जुलैमध्ये पाहिली, तेव्हा एजंटने गॅलरीत उभे राहून मोबाइल पुढे केला आणि हिरव्या चौकटीतले ‘चांगली’ हा शब्द दाखवला. आकडा खराच होता. खाली पत्र्याच्या कुंपणापलीकडे मात्र एक आरएमसी प्लांट (तयार काँक्रीट बनवण्याचा कारखाना) पावसामुळे बंद होता, मिक्सरच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि त्यांच्या ये-जा करण्याचा कच्चा रस्ता घोटाभर चिखलाने भरला होता. तोच चिखल डिसेंबरमध्ये वाळून चाकांखाली भुगा होणार आणि गॅलरीपर्यंत उडणार, हे तिथे उभे असताना स्पष्ट दिसत होते. जून ते सप्टेंबर पाऊस धूलिकण खाली बसवतो आणि नैर्ऋत्येचा वारा उरलेले वाहून नेतो. हिवाळ्यात वारा पडतो, जमिनीलगतची थंड हवा वर उठत नाही आणि धूळ-धूर तिथेच कोंडतात. जुलैत घोडबंदरचे घर आणि आम्ही पाहिलेले नवी मुंबईतल्या नेरुळचे घर, दोन्ही हिरवीच. ज्या मापाने दोन घरांतला फरकच कळत नाही, त्यावर निवड कशी करावी?

वार्षिक मानक इथे उपयोगी पडते. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार निवासी भागात पीएम २.५ ची वार्षिक सरासरी ४० आणि पीएम १० ची (त्याहून मोठ्या धूलिकणांसह) ६० मायक्रोग्रॅमपर्यंत हवी; २४ तासांच्या मर्यादा अनुक्रमे ६० आणि १०० आहेत. पीएम २.५ वर्षभर रोज ५५ च्या आसपास राहिले, तर निर्देशांक ९० च्या घरात म्हणजे रोजच ‘समाधानकारक’ राहील आणि तरीही ती जागा वार्षिक मानकात नापास होईल. वर्षभर त्याच हवेत श्वास घेणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. पावसाचे चार महिने सरासरी खाली ओढतात, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यासाठी मानकातच दुसरी अट आहे. २४ तासांची मर्यादा वर्षातील ९८ टक्के वेळ पाळली गेली पाहिजे आणि मोजणीच्या सलग दोन दिवशी ती ओलांडता कामा नये. वाईट जानेवारी या अटीतून सहसा सुटत नाही.

वार्षिक निकालाची उणीव वेगळीच आहे. मानकांची पूर्तता सलग ५ वर्षे न करणाऱ्या शहरांची जी यादी २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात घेतली गेली, तिच्यात नवी मुंबई हे अख्खे शहर एका शिक्क्याखाली येते. नेरुळ आणि औद्योगिक पट्ट्यातले महापे यांना एकच शेरा देऊन घर घेणाऱ्याला काय कळणार? म्हणून शहराचा शेरा बाजूला ठेवून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरून घराजवळच्या केंद्राचे वर्षभराचे आकडे घ्यावेत आणि डिसेंबर-जानेवारीची सरासरी वेगळी काढावी, असे मी सुचवेन. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची पीएम २.५ ची वार्षिक शिफारस तर ५ मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे की तिच्यापुढे आपल्याकडचा कोणताच परिसर टिकणार नाही. निवडीसाठी ४० ची रेषाच कामाची वाटते.

अकरा महिन्यांच्या कराराने राहायचे असेल आणि घरात सर्वांची प्रकृती धडधाकट असेल, तर रोजच्या निर्देशांकावर भागेल, असे म्हणता येईल. घर विकत घ्यायचे असेल, किंवा घरात लहान मूल अथवा दम्याचा रुग्ण असेल, तर माझा कल वार्षिक हिशेबाकडेच राहील. आम्ही त्यावरूनच नेरुळचे घर घेतले. घराच्या जवळपास मोजणी केंद्रच नसेल, तर दूरच्या केंद्राचा आकडा जपून वापरावा आणि ती जागा जानेवारीतल्या एखाद्या सकाळी, खिडक्या उघड्या ठेवून, पुन्हा पाहावी.