कोडेक सामाईक की ज्याचा त्याला?

डिजिटल टेलिफोनचं चॅनल कार्ड, म्हणजे फोनच्या लाइनी जोडणारा सर्किट बोर्ड, आखायला बसलं की पहिला पेच हाच. आवाजाचे आकडे करणारा कोडेक तीस चॅनलना मिळून एक ठेवायचा, की प्रत्येकाला वेगळा द्यायचा?

सामाईक पद्धत जुनी. 1962 मध्ये अमेरिकेत बेलची टी-1 प्रणाली आली तेव्हा कोडर (कोडेकमधला आकडे करणारा भाग) महाग, म्हणून 24 चॅनलचे नमुने, म्हणजे आवाजाच्या क्षणोक्षणी घेतलेल्या पातळ्या, एका बसवर (सामाईक तारेवर) आळीपाळीने एकाच कोडरकडे आणले जात. हिशेब चोख वाटतो, पण गोम वेळेत आहे. सेकंदाला 2048 किलोबिटच्या, तीस चॅनलच्या प्रणालीत 125 मायक्रोसेकंदांच्या फ्रेममध्ये, म्हणजे एका फेरीत, 32 टाइम स्लॉट (तीस आवाजाचे, दोन जुळणीचे आणि संकेतांचे), म्हणजे एकेकाच्या वाट्याला जेमतेम 3.9 मायक्रोसेकंद. तेवढ्यात बसवर पाचव्या चॅनलचा विद्युतभार किंचित जरी उरला, तरी तो सहाव्याच्या नमुन्यात मिसळतो आणि सहाव्यावरच्या माणसाला परक्याचं बोलणं पुसट ऐकू येतं. म्हणून दोन नमुन्यांमध्ये बस क्षणभर ग्राउंड करतात. आधीच तोकड्या वेळाला आणखी कात्री. शिवाय कोडर बंद पडला की तीसही लाइनी मुक्या.

वेगळ्या कोडेकमध्ये चॅनलबाहेर येतात ते थेट बिट. थोडा भार उरला तरी शून्याचा एक होत नाही. बिघाड एका लाइनपुरता, आणि फोन ठेवलेला असेल तेव्हा त्या चॅनलचा कोडेक झोपवता येतो. सामाईक कोडरला ती सोय नाही, कुणी ना कुणी बोलतच असतं.

खर्चाचं म्हणाल, तर 3400 हर्ट्झच्या वरचं कापणारा फिल्टर दोन्हीकडे चॅनलगणिक लागतोच. तो कोडेकसकट एका चिपमध्ये मावू लागला तेव्हाच सामाईक पद्धतीची बचत संपली. माझं मत सरळ आहे: नवीन कार्डात वेगळाच घ्या. चार चॅनलची एक चिप घेतलीत तर जागा वाचते, मात्र ती गेली की चार लाइनी जातात, हे धरून चाला.

वाचलेला वेळ हायब्रिडला, म्हणजे दोन तारांच्या लाइनीवरचं जाणारं आणि येणारं बोलणं वेगळं करणाऱ्या भागाला, द्या. ट्रान्सफॉर्मरचा हायब्रिड अवजड, पण विजेचे धक्के सोसतो; इलेक्ट्रॉनिक सर्किट आटोपशीर, पण त्याला वेगळं संरक्षण हवं, कारण त्याच तारांच्या जोडीवर 48 व्होल्टची बॅटरी असते आणि घंटीच्या वेळी 75 व्होल्टच्या आसपासचा एसीही येतो. दोन्हींत बॅलन्स नेटवर्क (लाइनीच्या विद्युत गुणांची नक्कल करणारं सर्किट) प्रत्यक्ष लाइनीशी जुळवून पाहा. ते चुकलं तर कोडेक कितीही चांगला असो, पलीकडच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो.