कामकाजाची भाषा: इंग्रजी, दोन-तीन, की सगळ्यांच्याच?

कार्यालय पुण्यात आणि सभासद पाच-सहा देशांत, अशा संस्थांचं आता कुणाला नवल वाटत नाही. घटनेचा मसुदा करताना गाडी भाषेच्या कलमाशी आली की कुणीतरी म्हणतं, "त्यात काय, इंग्रजी टाका," आणि लगेच पुढचं कलम निघतं. मी जर्मनचा दुभाषी. या कलमाचं ओझं पुढे कुणाच्या डोक्यावर बसतं ते रोज बघतो, म्हणून सांगतो, इथे तासभर जास्त घालवा.

आधी दोन प्रश्न वेगळे करा. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अधिकृत भाषा सहा, पण सचिवालयाच्या कामकाजाच्या भाषा दोनच: इंग्रजी आणि फ्रेंच. सभेत उभं राहून कोणत्या भाषेत बोलता येईल हा एक मुद्दा, आणि कार्यालयात टिपणं कोणत्या भाषेत लिहायची हा दुसरा. दोन्हींना एकच उत्तर हवं असं कुठेही लिहिलेलं नाही.

फक्त इंग्रजी. स्वस्त आणि झटपट. पुण्यात माणसंही सहज मिळतात. आग्नेय आशियाई देशांच्या आसियान संघटनेने २००७च्या सनदेत एका ओळीत कामकाजाची भाषा इंग्रजी म्हणून टाकलं आणि विषय संपवला. त्याहून बोलकं उदाहरण एफ्टाचं, म्हणजे युरोपातल्या मुक्त व्यापार संघटनेचं. आइसलँड, नॉर्वे, स्वित्झर्लंड, लिख्टेनश्टाइन हे आजचे चार सभासद. इंग्रजी एकाचीही राजभाषा नाही, ब्रिटन केव्हाच बाहेर पडला, तरी कामकाज इंग्रजीतच. सगळेच सारखे अडखळत असतील तर ही सोय छान चालते. चारातले दोन लंडन-सिडनीचे असले की गणित फिरतं. मसुदा आपोआप त्यांच्याकडे जातो आणि वादात शेवटचा शब्दही त्यांचाच राहतो.

चाकणच्या एका कारखान्यातली बैठक आठवते. जर्मन, जपानी आणि आपली मंडळी, सगळं इंग्रजीत. जरा तापलं की जर्मन आपसात जर्मनमध्ये, आपले मराठीत. जपानी अभियंते शेवटपर्यंत गप्प. चहाच्या वेळी मात्र त्यातला एक जण ड्रॉइंग घेऊन माझ्याजवळ आला. समासात पेन्सिलने बारीक अक्षरात आक्षेप लिहिलेले, आणि ते खणखणीत होते. इतिवृत्तात तोवर 'सर्वांची संमती' लिहून झालं होतं. भाषेवरचा खर्च वाचला असं आपण म्हणतो तेव्हा तो बहुधा असा कुणाच्या तरी खात्यावर पडलेला असतो.

दोन-तीन भाषा. युरोपियन पेटंट ऑफिस इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मनवर चालतं. सभासदांचा एखादा मोठा गट दुसरी भाषा सफाईने बोलत असेल, समजा सेनेगल, कॅमेरून आणि फ्रान्सचे लोक असतील, तर फ्रेंच घ्यायलाच हवी. भांडण होतं ते तिसरीच्या वेळी: मग आमची का नको? यावर अरब देशांनी काढलेला मार्ग मला आवडतो. १९७३ मध्ये अरबी ही संयुक्त राष्ट्रसंघाची अधिकृत भाषा झाली, तेव्हा पहिल्या तीन वर्षांचा खर्च त्यांनीच उचलायचं कबूल केलं. 'नवी भाषा मागणाऱ्याने सुरुवातीचा भार घ्यावा' हे वाक्य घटनेत घाला. हौशी मागण्या तिथेच गळतात. गरीब सभासदावर अन्याय होऊ नये म्हणून सवलतीचं पोटकलम मात्र जोडा.

सगळ्यांच्या भाषा. युरोपीय समुदायाने, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वजाने, १९५८ मध्ये चार भाषांवर सुरुवात केली. एकीतून दुसरीत, असे बारा मार्ग होत होते. आज भाषा चोवीस, मार्ग ५५२. एवढ्या जोड्यांचे दुभाषी कुठून आणणार? मग माल्टीजमधून आधी इंग्रजीत आणि तिथून फिनिशमध्ये, असं वळण घ्यावं लागतं. शिवाय एका केबिनमध्ये एकटा दुभाषी दिवसभर टिकत नाही, साधारण अर्ध्या तासाने आलटून पालटून बोलावं लागतं. (जर्मन वाक्यात क्रियापद बरेचदा शेवटी येतं, आपलंही तसंच. म्हणून जर्मनमधून मराठीत करणं मला इंग्रजीत करण्यापेक्षा सोपं जातं. पण ते काम कुणी मागतच नाही.) तरीही युरोपचं मूळ धोरण बरोबरच आहे, कारण तिथले कायदे थेट नागरिकाला लागू होतात आणि ते त्याला स्वतःच्या भाषेत वाचता आले पाहिजेत. सहा देशांच्या क्रीडा महासंघाला हा थाट कशाला?

कुणाचीच नसलेली भाषा. झामेनहोफने मुद्दाम रचलेली एस्पेरांतो ही भाषा १८८७ सालची. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आधीच्या राष्ट्रसंघापर्यंत, म्हणजे जुन्या 'लीग ऑफ नेशन्स'पर्यंत, तिचा विषय गेला आणि फ्रान्सच्या विरोधापुढे मागे पडला. न्याय म्हणून हिला तोड नाही. पण पुण्यात जर्मन-जपानीचे वर्ग हवे तेवढे सापडतील, एस्पेरांतोचा शिक्षक हुडकावा लागेल. दक्षिण आशियातले सभासद असले की कुणीतरी हिंदी सुचवतोच. श्रीलंकेच्या माणसाला विचारून मग सुचवा.

यंत्रानुवाद पत्रव्यवहार चाळायला ठीक. ठराव आणि करार त्याच्यावर सोडू नका.

माझा कौल: सभासदांत इंग्रजी मातृभाषेचे कुणी नसेल किंवा अगदी थोडे असतील, तर इंग्रजी घ्या. पण कागद आठवडाभर आधी पाठवा, सभेनंतर दोन दिवस कुणालाही स्वतःच्या भाषेत लेखी आक्षेप नोंदवू द्या आणि तोवर इतिवृत्त कायम करू नका. त्या आक्षेपांच्या भाषांतराची तरतूद अंदाजपत्रकात वेगळी दाखवा. एक मोठा गट दुसऱ्या भाषेचा असेल तर दोन भाषा. निर्णय सामान्य माणसांवर बंधनकारक होणार असतील तर सभा कशीही चालवा, कागद सगळ्यांच्या भाषांत काढा.

आणि हे कलम साध्या बहुमताने बदलता येईल असं ठेवा. जागतिक टपाल संघ १८७४ साली फ्रेंचवर उभा राहिला. त्याच्या कार्यालयात कामकाजाची भाषा म्हणून इंग्रजी आली ती थेट १९९४ मध्ये.