युद्धापूर्वीची लॅप स्टील घ्यायची आहे: रिकनबॅकर बी-६ की गिब्सन ईएच-१५०?

आपल्याकडे जिला सरसकट हवाईयन गिटार म्हणतात, तिच्यातला मांडीवर ठेवायचा छोटा इलेक्ट्रिक प्रकार म्हणजे लॅप स्टील. जुनीच घ्यायची ठरली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची परवडणार असेल, तर निवड बहुधा या दोघींपाशी येऊन थांबते. रिकनबॅकरची बेकलाईटची, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकची, बी-६ आली १९३५ साली. गिब्सनने त्याच वर्षाच्या अखेरीस अॅल्युमिनियमची ई-१५० काढली आणि १९३६ मध्ये लाकडी ईएच-१५०. मी स्वतः बी-६ निवडली. पण ईएच-१५० कमी प्रतीची आहे म्हणून नाही. वाजवायला कदाचित तीच जास्त सोपी.

बी-६ची ओळख बरीचशी चांगल्या फोटोंवरूनच पटते. तारा अंगाच्या आरपार जाऊन मागून ओवलेल्या असतील तर ती युद्धापूर्वीची. पुढच्या बाजूला तारा अडकवायची वेगळी पट्टी, म्हणजे टेलपीस, असेल तर नंतरची. मग पिकअपचे, म्हणजे तारांची कंपनं विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागाचे, तारांवरून कमानीसारखे जाणारे दोन नालाकृती चुंबक मोजायचे. जुन्यांची रुंदी दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर. युद्धानंतर थोड्याच काळात ती सव्वा इंचावर आली. विक्रेत्याला चुंबकाशेजारी पट्टी धरून फोटो काढायला सांगा, पण पट्टी प्लास्टिकची. पोलादी पट्टी चिकटते आणि तिरकी बसते. दर्शनी भागावरचे पाच पत्रे क्रोमचे असतील तर १९३०च्या दशकातली, पांढऱ्या एनॅमलचे असतील तर साधारण १९४० किंवा त्यानंतरची. अगदी सुरुवातीच्या नगांना आवाजाचं एकच बटण आहे, टोनचं नाही. नावपट्टीवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटच्या ‘के’च्या जागी ‘एच’ दिसतो, पण तेवढ्यावरून साल ठरवू नये, कारण ते स्पेलिंग युद्धानंतरही काही वर्षं चाललं. २,०८९,१७१ हा पेटंट क्रमांक कुठे कोरलेला असेल तर तो नग १० ऑगस्ट १९३७च्या आधीचा असूच शकत नाही. पेटंट त्या दिवशी मिळालं.

किंमत पाडणारी गोष्ट एकच, नेकचा (गिटारच्या मानेचा) सांधा. नेक हा बेकलाईटचा वेगळा तुकडा असून स्क्रूंनी अंगात बसवलेला आहे. कोणी स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळले किंवा गिटार पडली, तर खाचेच्या कडेला केसासारखी चीर जाते. बेकलाईट चिकटवता येतं, पण जोड लपत नाही आणि तार ताणली की चीर पुन्हा वाढू शकते. म्हणून सांध्याचे दोन्ही बाजूंचे आणि मागचे फोटो तिरप्या प्रकाशात काढून मागवावेत. फ्रेट, म्हणजे नेकवरच्या स्वरांच्या जागा दाखवणाऱ्या आडव्या पट्ट्या, साच्यातच ओतलेले असल्यामुळे एखाद्याचा टवका उडाला असेल तर तो तसाच राहणार. क्रोम उडणं, चकाकी जाऊन रंग तपकिरी होणं याची फार काळजी नको. चुंबकाचा जोर कमी झाला असेल तर ते पुन्हा भारता येतात, बंद पडलेली कॉइल गुंडाळून घेता येते. मात्र मूळ कॉइल चालू असलेल्या नगाला जास्त पैसे मोजणं योग्यच. आतल्या पॉटवर (बटणाखालच्या, आवाज कमीजास्त करणाऱ्या भागावर) १३७ किंवा ३०४ने सुरू होणारा आकडा दिसला तर ते पॉट नंतर बदललेलं असण्याची शक्यता दाट.

आता ईएच-१५०. हिच्या पिकअपला पुढे चार्ली ख्रिश्चन या गिटारवादकाचं नाव चिकटलं. वरून दिसतं ते फक्त एक पोलादी पातं आणि तीन स्क्रू. खरा ऐवज, दोन लांब चुंबकपट्ट्या, फळीच्या खाली. आणि निर्णय फिरला तो इथेच. हे पिकअप जॅझ वाजवणाऱ्यांना आपल्या आर्चटॉपसाठी (कमानदार फळीच्या गिटारसाठी) हवं असतं, त्यामुळे कित्येक ईएच-१५० मधून ते काढून विकलं गेलं आणि जागी नवी प्रतिकृती बसली. वरून दोन्ही सारखीच दिसतात. मल्टीमीटरही नीट साथ देत नाही. सुरुवातीच्या जाड तारेच्या कॉइलचा रोध अडीच किलोओहमच्या आसपास, नंतरच्या बारीक तारेचा बराच जास्त. म्हणजे सात-आठ किलोओहम आले तरी ती उशिराची मूळ कॉइल की पुन्हा गुंडाळलेली, हा प्रश्न उरतोच. शेवटच्या वर्षांत तर गिब्सनने पिकअपची रचनाच बदलली. ज्या भागावर सगळी किंमत अवलंबून आहे, तोच गिटार उघडल्याशिवाय दिसत नाही आणि उघडायला विक्रेते सहसा तयार नसतात. बी-६ मध्ये चुंबक डोळ्यांसमोर असतात.

ईएच-१५०चं साल मात्र कधी कधी सहज कळतं. डोक्याच्या, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकाच्या, मागे फॅक्टरी क्रमांक उमटलेला असेल तर त्याचं पहिलं अक्षर बघा: ए म्हणजे १९३५, बी १९३६, असं करत एच म्हणजे १९४२. तिसरं अक्षर ई असेल तर वाद्य इलेक्ट्रिक.

बी-६चे दोष लपवण्यात अर्थ नाही. बेकलाईट उष्णतेने पोलादी तारेपेक्षा जास्त प्रसरण पावतं. मंचावरच्या दिव्यांखाली आधी तार तापून सूर उतरतो, मग अंग तापलं की चढतो. केसमधून अर्धा तास आधी काढून ठेवली तर बरंच भागतं, पण एसी हॉलमधून उघड्या मंडपात जाणाऱ्याला लाकडी गिब्सन कमी सतावेल. नालाकृती चुंबकांमुळे उजव्या तळव्याने तार दाबायला जागाही कमी मिळते. ज्यांच्या वाजवण्यात तळव्याचं काम जास्त, त्यांनी हे गंभीरपणे घ्यावं.

आवाजाचं म्हणाल तर ईएच-१५० गोल आणि उबदार, सुरावटीच्या मागे राहून साथ करायला सुरेख. बी-६ जास्त सलग बोलते. अमेरिकन स्टील गिटारवादक जेरी बर्डने रिकनबॅकरच्याच सात तारांच्या बेकलाईट गिटारवर जे काम केलं, ते ऐकलं की हे लक्षात येतं. विलंबित मींडेत तारांवरून पोलादी बार सरकत असताना तिचा स्वर माझ्या कानाला जास्त वेळ भरलेला राहतो. आपल्याकडचे गिटारवादक व्हॅन शिप्ली यांची वादनं ऐकून ज्यांचा कान तयार झाला, त्यांनाही बहुधा हीच जवळची वाटेल. बी-६च्या तारेची वाजती लांबी साडेबावीस इंच, तेव्हा तारा सी-६ या स्वरसमूहात जुळवायच्या तर वरची तार ०.०१५ इंचाची घालावी; त्याहून बारीक तार सैल लागते.

भाव ठरवताना मागितलेल्या किमती सोडून प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नगांच्या किमती पाहा. युद्धापूर्वीची क्रोमची बी-६ वर, पांढऱ्या पत्र्यांची तिच्याखाली, सव्वा इंची चुंबकांची आणखी खाली. ईएच-१५० बाबत पिकअपचा आतला फोटो नसेल तर ती प्रतिकृतीवाली समजूनच बोली लावावी. भारतात मागवताना पुराणवस्तूची सवलत गृहीत धरू नका. त्यासाठी वस्तू शंभर वर्षांहून जुनी लागते. गिब्सनचा फ्रेटबोर्ड ब्राझिलियन रोझवूडचा निघाला तर साइट्सची (सीआयटीईएस या दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराची) कागदपत्रंही लागतील.

आतला फोटो, पटणारा फॅक्टरी क्रमांक आणि सोबतचा मूळ अॅम्प, हे तिन्ही मिळत असेल तर ईएच-१५० खुशाल घ्यावी. बी-६ मागवलीत तर पाठवण्याआधी तारा सैल करायला सांगा आणि केसमध्ये नेकच्या सांध्याखाली फोमचा घट्ट आधार द्यायला लावा. प्रवासात ती मोडते ती बहुधा तिथेच.