सॅली नक्की कोणाची? – लॉइड फर्नांडो यांची ‘स्कॉर्पिअन ऑर्किड’

सिंगापुरात ओळखपत्रावरही वंशाची नोंद असते आणि सरकारी वर्गवारीत रकाने चारच: चिनी, मलाय, भारतीय, नाहीतर ‘इतर’. इथे मुलं वाढवणाऱ्या प्रत्येक मराठी आईबापाने ही इंग्रजी कादंबरी वाचावी, असं मला मनापासून वाटतं.

कादंबरी १९७६ची, गोष्ट १९५०च्या दशकातली. इंग्रज अजून गेलेले नाहीत. तमिळ संतिनाथन, चिनी गुआन खेंग, मलाय सब्रान आणि युरेशियन (युरोपीय-आशियाई मिश्र वंशाचा) पीटर डी’आल्मेडा, विद्यापीठातले चार जिवलग. शहरात दंगल पेटते. मलाय मुस्लिम घरात वाढलेली डच मुलगी मारिया हर्टोग हिच्या ताब्यावरून डिसेंबर १९५०मध्ये उसळलेल्या दंगलीत १८ माणसं गेली, १९५५मध्ये हॉक ली बस कंपनीतल्या कामगारांचा संप चिघळला. या दोन्हींची धग इथे जाणवते. जमाव पीटरला मारहाण करतो. मग एरवी मोकळेपणी बोलणारे हे चौघे एकमेकांशी शब्द तोलून बोलायला लागतात. भांडण झालेलं नसतं, पण ‘आपले लोक’ म्हणजे कोण, याचं उत्तर चौघांचं वेगळं निघतं. ही पानं मी फार अस्वस्थ होऊन वाचली.

सगळ्यात जास्त जीव तुटला तो सॅलीसाठी. ती वेश्या. चौघेही तिच्याकडे जातात आणि ती चिनी की मलाय, सॅली की सल्मा, हे एकालाही धड ठाऊक नाही. दंगलीत तिच्यावर अत्याचार होतो तेव्हा ती कोणत्या रकान्यातली म्हणून तिच्यासाठी उभं राहायचं? लेखक हे कोडं सोडवत नाही, आणि तेच योग्य आहे.

मधूनमधून जुन्या मलाय ग्रंथांतले उतारे येतात. वाचनाचा ओघ तुटतो खरा, पण गाळू नका. त्यांतल्या एका ग्रंथाचे लेखक मुन्शी अब्दुल्ला आधुनिक मलाय साहित्याचे जनक मानले जातात, आणि त्यांच्या घराण्यात अरब व तमिळ रक्त होतं! फर्नांडो स्वतः श्रीलंकेतल्या कँडीचे, १९३८मध्ये लहानपणी सिंगापुरात आलेले.

तोक सैद या गूढ भविष्यवेत्त्याचा धागा मला विस्कळीत वाटला. संतिनाथनची बहीण नीला हिला आणखी जागा हवी होती. इंग्लिश प्राध्यापकाबरोबरच्या तिच्या प्रकरणावर वेगळी कादंबरी झाली असती.

विकत घ्यायची तर एपिग्राम बुक्स या प्रकाशनसंस्थेची २०११ची आवृत्ती पाहा. कॉलेजात जाणाऱ्या मुलांबरोबर वाचलीत तर अधिक चांगलं.