एकवीरेची यात्रा, आखाजी की अमळनेरचा रथ?

एप्रिल लागला की पुण्या-नाशकाकडच्या नातेवाइकांचा फोन ठरलेला: "पोरांना एकदा खानदेशातली यात्रा दाखवायचीय, कधी येऊ?" त्यातल्या निम्म्यांच्या डोक्यात सारंगखेड्याचा घोडेबाजार असतो. तो दत्तजयंतीचा, थंडीतला. उन्हाळ्यात निवड करायची ती धुळ्याची एकवीरादेवी, आखाजी आणि अमळनेरची सखाराम महाराजांची यात्रा या तिघांत.

आधी पंचांग बघा, कारण अर्धा निकाल तिथेच लागतो. एकवीरेची यात्रा चैत्र पौर्णिमेची. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, त्यानंतर अडीच आठवड्यांनी. अमळनेरचा रथ वैशाख शुद्ध एकादशीला आणि पालखी पौर्णिमेला. २०२५ साली या तिथी अनुक्रमे १२ एप्रिल, ३० एप्रिल, ८ मे आणि १२ मे अशा आल्या होत्या. चैत्र पौर्णिमेला पोरांच्या परीक्षा चालू असतात किंवा डोक्यावर असतात. शाळेतली मुलं असतील तर धुळं बहुतेक तिथेच बाद. याउलट आखाजी ते रथ यांत आठच दिवसांचं अंतर. एका सुट्टीत दोन्ही बसतात.

तरी ज्यांच्या घरी तान्हं मूल आहे त्यांनी धुळ्याचा विचार जरूर करावा. एकवीरा खानदेशातल्या कितीतरी घरांची कुलदेवी, आणि जावळ काढायला लोक इथेच येतात. पांझरेकाठी देवपुरात मंदिर, शहर मुंबई-आग्रा महामार्गावर. गाडीने येणाऱ्याला याहून सोपं ठिकाण नाही. पाळणे, खेळणी, भांड्यांची दुकानं सगळं असतं. पण मला विचाराल तर ही यात्रा नवस फेडणाऱ्याची. नुसतं बघायला आलेल्याची दर्शनाच्या रांगेत फार दमछाक होते.

आखाजीची गोष्टच वेगळी. तिला यात्रा म्हणायची पद्धत नाही, आणि तिकीट काढून बघायला जावं असं तिथे काही नसतं. आमच्याकडे ती दिवाळीच्या तोडीची. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, अंगणातल्या किंवा मळ्यातल्या निंबाला झोके बांधतात आणि गाणी म्हणत उंच झोके घेतात. त्या दिवशी पितरांच्या नावाने नवी घागर भरतात, तिच्यावर आंबा किंवा डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, निखाऱ्यावर घास टाकतात आणि मगच आमरसाला हात लागतो. बरोबर खापरावरची पुरणपोळी. तळहात-कोपरावर पोळी पसरत जाते ती बघताना शहरातली पोरं मोबाइल विसरतात, हे मी स्वतः पाहिलंय. गौराईच्या विसर्जनाला नदीच्या दोन काठांवरच्या पोरी एकमेकींना चक्क शिव्या घालतात. लहानग्यांना याची फार मजा वाटते, आयांना जरा कमी. पुरुष मंडळी दुपारभर पत्त्यात. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल याच दिवशी संपतं आणि नवं ठरतं, म्हणून शेतकऱ्याचं वर्षही आखाजीपासून मोजलं जातं.

हे सगळं घरात, अंगणात, आळीत घडतं. म्हणून अट एकच: गावात आपलं कुणी हवं. मामा, मावशी, निदान मित्राचं घर. लॉजवर राहून आखाजी बघायला निघालात तर बंद दुकानं आणि मोकळे रस्ते दिसतील.

गावात कुणीच नसेल तर अमळनेर. सुरत-भुसावळ मार्गावरचं स्टेशन, धुळ्याहून साधारण ३५ किलोमीटर. बोरी नदीच्या कोरड्या पात्रात दुकानं आणि पाळणे लागतात, सखाराम महाराजांची समाधीही तिथेच. एकादशीचा रथ माणसं ओढतात. वळणावर चाकाला लाकडी मोगरी लावून त्याला वळवायचं काम बघण्यासारखं असतं. हा सोहळा रात्रीचा, आणि माझ्या लेखी हीच त्याची मोठी जमेची बाजू. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो. दुपारी दोनला वाळूत पोरांना फिरवणं हा शहाणपणा नव्हे. दिवसा तत्त्वज्ञान मंदिर दाखवा, साने गुरुजी ज्या शाळेत शिकवत ती प्रताप हायस्कूल दाखवा, जेवून झोपा, आणि ऊन उतरल्यावर पात्रात उतरा. एक तक्रार मात्र आहे. मागे एका पाळणेवाल्याने अर्ध्या फेरीत पाळणा थांबवून पैसे पूर्ण घेतले. बसायच्या आधी फेऱ्या किती ते विचारून घ्या.

पौर्णिमेला खेड्यापाड्यांतून माणूस लोटतो. कडेवरचं मूल असेल तर पालखीपेक्षा मधला एखादा साधा दिवस बरा, यात्रा तेव्हाही भरलेली असतेच.

बारागाड्यांबद्दलही हमखास विचारतात. जळगावकडच्या गावोगावी चैत्र-वैशाखात एकामागे एक बांधलेल्या बारा बैलगाड्या भगत ओढतो, वर माणसं लगडलेली. थरार आहे, पण गाड्यांना ब्रेक नसतो आणि गर्दी वाटेतच उभी असते. दहा वर्षांखालच्या पोराला घेऊन मी एखाद्या धाब्याच्या घराच्या गच्चीवरूनच बघतो. गच्ची मिळत नसेल तर जात नाही.

मुक्ताईनगरजवळच्या मेहुणचा संत मुक्ताबाईंचा सोहळा वैशाख वद्य दशमीचा. आजी-आजोबा बरोबर असतील तर कीर्तनासाठी न्या, पोरं कंटाळतील.

मी यंदा बहिणीला सांगितलंय: आखाजीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे ये, एकादशीला अमळनेर, दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. रिझर्व्हेशन आत्ताच कर, कारण त्या आठवड्यात सगळ्याच लेकी प्रवासात असतात.